आधी कुणाचा गहू

गहू पिकला आणि कादंबरीची झोप उडाली. उजाडायच्या आत ती बांधावर जाऊन उभी राही, एक ओंबी तोडून तळहातावर चोळी, फुंकर मारून कोंडा उडवी आणि दाणा दाताखाली धरी. दाणा कट्‌कन फुटला की तिचा चेहरा उजळे, पण लगेच तिची नजर आभाळाकडे जाई. मालिनीबाई झोपडीच्या दारात उभ्या राहून सुनेचं हे रोजचं बघत आणि चुलीकडे वळत.

शिकागोजवळच्या शॉमबर्गहून मोटारीनं पश्चिमेला निघालं की मक्याची शेतं लागतात ती संपता संपत नाहीत. त्या मक्याच्या ऐन मध्यावर, एका ओढ्याच्या काठाला, हॅरल्ड विटलॉक नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्यानं सातआठशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं खेडं उभं केलं होतं. गवतानं शाकारलेल्या मातीच्या झोपड्या, एक लाकडी कोठार, बैलांचा गोठा, आणि टेकाडावर लॉर्डचा दगडी वाडा. शनिवार-रविवारी शिकागोकडची माणसं मुलाबाळांना घेऊन बघायला येत. विटलॉक स्वतः लॉर्ड व्हायचा, घोड्यावर बसून फिरायचा. खाली झोपड्यांत तीन घरं कुळं म्हणून वर्षभर राहत होती, त्यांतलं एक कादंबरीचं. प्रत्येक घराला गव्हाच्या काही पट्ट्या, आणि त्याच्या बदल्यात लॉर्डच्या शेतावर वेठ. नांगरट असो, निंदणी असो, बोलावणं आलं की हातातलं टाकून जायचं.

कादंबरी विद्यापीठात त्या जुन्या काळावर पीएच.डी. करत होती. वेठ करून उरलेल्या वेळात कुळाचं घर आपलं पीक घरी आणू शकत होतं का, एवढाच तिचा प्रश्न. तिचे प्रोफेसर म्हणत, शक्यच नाही, बाहेरून मजूर लावल्याशिवाय जमायचं नाही. ती म्हणे, जमतं, मी करून दाखवते. म्हणून तिनं गेल्या शरदात नवऱ्याला, सुशांतला, सोबत घेऊन बैलाच्या नांगरानं पट्ट्या नांगरल्या होत्या, हातानं बी फेकलं होतं. सुशांत शॉमबर्गच्या एका कंपनीत होता, दर शुक्रवारी संध्याकाळी यायचा. एप्रिलमध्ये नागपूरहून त्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी आले, आणि नातेवाइकांना फोटो पाठवायला अमेरिका म्हणून त्यांना मिळाली ती ही मातीची झोपडी.

“बाप्पा! आपण अमेरिकेत आलो की मागं गेलो?” गुरुनाथरावांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. पण चार दिवसांत त्यांनी गावची बदकं सांभाळायचं काम अंगावर घेतलं. गुडघे दुखत, तरी काठी घेऊन ते बदकांमागे ओढ्यापर्यंत जात.

मालिनीबाईंनी उभा जन्म नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. कानाला हेडफोन लावून, ट्रंक कॉल जोडत. शेतात त्या कधी गेल्या नव्हत्या. मे महिन्यात त्या सुनेबरोबर गव्हात निंदायला उतरल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावरून, म्हणजे गवताच्या गादीवरून, उठता येईना. पाठीचा ताठा उतरायला आठवडा लागला. मग मात्र हात बसला. एका हातात बेचकीची काठी, दुसऱ्यात आकडा; बेचकीनं काटेरी तणाची मान दाबायची आणि आकड्यानं बुडाशी कापायचं. संध्याकाळी पट्टी मागं वळून बघताना त्यांना जे वाटे ते एक्स्चेंजमध्ये कधी वाटलं नव्हतं.

एकदाच त्यांचं मन फार दुखलं. जूनमधल्या एका रविवारी बघ्यांची गर्दी होती. विटलॉकचा कारभारी ग्रेग धावत आला आणि अजिजीनं म्हणाला, “प्लीज, चष्मा काढा. त्या काळी कुळांकडे चष्मे नव्हते.” मालिनीबाईंनी चष्मा काढून कमरेला खोचला. पुढे दिसेना. तण म्हणून त्यांनी गव्हाचाच झुबका कापला. कुंपणापलीकडची माणसं हसली. घोड्यावरून विटलॉकही हसला आणि म्हणाला, “पहा, म्हणूनच त्यांना देखरेख लागायची.” मालिनीबाईंनी मान खाली घातली. लॉर्ड समोरून गेला की कुळांनी वाकायचं असा नियम होता, त्याप्रमाणे वाकल्या. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. गुरुनाथरावांनी विचारलं, “काहून गप्प आहे?” तर म्हणाल्या, “काही नाही. पाठ दुखून राहिली.”

बुधवारी सकाळी ग्रेग तिन्ही घरांना बोलवायला आला. लॉर्डचा हुकूम होता. शनिवारी मोठा कार्यक्रम ठेवला होता, विद्यापीठांतली माणसं, वर्तमानपत्रवाले, विटलॉकचे श्रीमंत दोस्त येणार होते. त्यांच्यासमोर लॉर्डच्या शेताची सोंगणी व्हायची. आणि लॉर्डच्या शेतात पहिला विळा पडल्याशिवाय कुळांनी आपल्या पट्ट्यांना हात लावायचा नाही.

“शनिवारी?” कादंबरी म्हणाली. “ग्रेग, उद्या दुपारनंतर वादळ येणार आहे. गारांसकट. तू फोनवर पाहिलं नाहीस?”

“पाहिलं.” ग्रेग जमिनीकडे बघत म्हणाला. “मी त्यांना सांगितलं. ते म्हणतात, अंदाज चुकतात.”

शेजारच्या झोपडीतला डेल तंबाखू थुंकावी तसा बाजूला थुंकला. तंबाखू त्यानं कधीच सोडली होती. साठीपुढचा हा माणूस अख्खा जन्म शाळेची बस चालवून निवृत्त झाला होता आणि बायकोला घेऊन इथं राहायला आला होता. “गहू आज तयार आहे,” तो म्हणाला. “उद्या गारा पडल्या तर शनिवारी पाहुण्यांना चिखल दाखवा.”

ग्रेग निघून गेला. तिसऱ्या घरातल्या दोन तरुण शिक्षिका आपल्या पट्टीकडे निघाल्या. कादंबरी झोपडीत गेली आणि खाली बसली.

“आई, all gone,” ती म्हणाली. “पूर्ण वर्ष. परत पेरायचं तर ऑक्टोबर, म्हणजे आणखी एक वर्ष. मला एक्स्टेन्शन मिळणार नाही. प्रोफेसर म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं?”

“तो असा अडवू शकतो का पण?” मालिनीबाईंनी विचारलं. “त्या काळात चालायचं का असं?”

“लॉर्डची वेठ आधी, हे खरं. पण त्यानं वेळेवर बोलवायला हवं. काम करणाऱ्यांना जेवू घालायला हवं. तो मनाला येईल तसं नाही करू शकत. गावाची रीत असायची. रीत मोडली तर कुळं कोर्टात उभी राहायची.”

“कुणाच्या कोर्टात?”

“लॉर्डच्याच. पण रीत काय आहे ते कुळं शपथेवर सांगायची. लॉर्डला ते मानावं लागायचं. बहुतेक वेळा.”

ते कोर्ट गावात होतंच. वसंतात विटलॉकनं ते ओकच्या झाडाखाली भरवलं होतं, आणि डेलचं डुक्कर लॉर्डच्या वाटाण्यात शिरलं म्हणून डेलला दंड केला होता. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मालिनीबाई उठल्या. “मग भरवायला सांग आज. ऊन उतरायच्या आत.”

“आई, चिडला तर प्रोग्रॅमच बंद करेल तो. जमीन त्याची आहे, रिअल लाइफमध्ये.”

“नाही भरवलं तरी गहू जाणारच आहे नं?” मालिनीबाई म्हणाल्या. “जाऊनच राहिला आहे, तर बोलून जाऊ दे.”

कादंबरी मोटारीकडे पळत गेली, सुशांतला फोन लावला. “उद्या leave टाक. हो, उद्याच. मीटिंग्ज कॅन्सल कर यार, काहीही सांग.”

चारच्या सुमाराला ओकखाली सगळे जमले. विटलॉक घोड्यावरून उतरला, निळा झगा सावरत खुर्चीवर बसला. कोर्ट मागितलं म्हणून तो खुशीत होता. त्याला वाटलं, शनिवारच्या कार्यक्रमाची तालीम. कादंबरीनं मागणी सांगितली तशी त्याच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरली.

“रीत अशी आहे की लॉर्डचं शेत आधी,” तो म्हणाला. “तू अभ्यासक आहेस, तुला माहीत आहे.”

“पीक तयार असताना आणि हवा चांगली असताना लॉर्ड बोलावतो, तेव्हा आधी,” कादंबरी म्हणाली. “हवा आज आणि उद्या सकाळी चांगली आहे. तुम्ही उद्या सकाळी बोलवा, आम्ही उद्या तुमचं आधी कापतो. नाही बोलवत, तर आम्हाला आमचं कापू द्या.”

“पाहुणे शनिवारी येणार आहेत.”

“पाहुणे रीतीत बसत नाहीत.”

डेल हसला. विटलॉकनं त्याच्याकडे पाहिलं तरी तो थांबला नाही. कादंबरीनं ज्यूरीला, म्हणजे जमलेल्या कुळांनाच, विचारलं, एकेकानं शपथेवर सांगा. डेलनं हात वर केला, पिकलेलं पीक वाट बघत नाही हीच रीत, असं सांगितलं. त्याच्या बायकोनं तेच सांगितलं. शिक्षिकांनी सांगितलं. गुरुनाथराव काठी टेकून उभे राहिले आणि इंग्रजीत एवढंच म्हणाले, “Same. Same.”

मग मालिनीबाईंची पाळी आली. त्या पुढे झाल्या. तोंड उघडल्यावर जो आवाज आला तो एक्स्चेंजमधला होता. फाटक्या लाइनवरून दिल्लीपर्यंत जाईल असा, एकेक शब्द सुटा.

“मिस्टर विटलॉक, मी आले तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला समजावलं होतं. इथं सगळेच बांधलेले आहेत. आम्ही कामानं तुम्हाला बांधलेले, आणि तुम्ही रक्षणानं आम्हाला बांधलेले. मला ते आवडलं होतं. जन्मभर मी सासऱ्यांना चहा दिला, साहेबांना हो म्हटलं, तिथं उलट कुणी मला काही देणं लागतं असं मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही कामं केली. नांगरलं, निंदलं, तुम्ही समोरून गेलात की वाकलो. तुमची पाळी अजून आलीच नव्हती. ती उद्या आहे. कुणी तलवार घेऊन येत नाहीये. पाऊस येतोय. त्याच्यापासून आमचं रक्षण करा. फार काही नको. आमच्या वाटेतून बाजूला व्हा.”

 घोड्यानं पाऊल बदललं.

विटलॉकचा चेहरा तांबडा झाला होता. “ही जमीन माझी आहे,” तो म्हणाला, आणि तो आवाज लॉर्डचा नव्हता, एका चिडलेल्या म्हाताऱ्याचा होता. “मी सोमवारी हे सगळं बंद करू शकतो.”

“सोमवारी करा,” डेल म्हणाला. “उद्या गुरुवार आहे.”

विटलॉक उठला. तो घोड्यावर चढला आणि टेकाडाकडे गेला. निकाल दिलाच नाही.  तेव्हा ग्रेग, जो आजवर लॉर्डच्या मागं उभा राहून मान हलवत आला होता, घसा खाकरून म्हणाला, “ज्यूरीनं रीत सांगितली. लॉर्डनं ती नाकारली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती लागू झाली.” आणि त्यानं टोपी काढून घाम पुसला.

गुरुवारी तांबडं फुटताना तिन्ही घरं शेतात होती. सुशांत शॉमबर्गहून अंधारातच निघून आला होता. दव होतं, थोडं थांबावं लागलं. मग ऊन आलं आणि विळे गव्हात शिरले.

डाव्या हातानं मूठ धरायची, उजव्यानं विळा बुडाशी ओढायचा, मूठ मागं ठेवायची. पुढं सरकायचं.  सगळ्यांच्या मनात एकच भीती होती, टेकाडावरून गाडी येईल, कुणी पोलिसांना बोलावलं असेल. मालिनीबाईंनी कापणीची एक पात, आपल्या वाट्याची ओळ, धरली होती. पहिल्या बांधापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्या मांड्यांत गोळे आले. गव्हाची कुसळं बाहीत शिरून टोचत होती, घामानं ती जागा चरचरत होती. सुशांतनं धावत येऊन पाणी दिलं. त्याच्या बोटाला विळा लागला होता, फडकं बांधलं होतं, ते लाल झालं होतं.

“आई, तू बस ना थोडी. You don’t have to do this.”

“हो बाजूला. सावली पाडून राहिला माझ्या पातीवर.”

गुरुनाथराव बांधावर बसून पेंढ्या बांधत होते. गव्हाच्याच काड्यांचा पीळ करून कमरेशी आवळायचा. त्यांच्या पेंढ्या आधी सुटत होत्या, मग सुटेनाशा झाल्या. डेलनं आपली पट्टी अर्धी टाकून शिक्षिकांची पट्टी धरली, कारण त्या मागं पडल्या होत्या. त्या पुढं गेल्यावर सगळी मिळून कादंबरीच्या पट्टीवर आली, मग परत डेलच्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कादंबरीनं मान वर करून ते पाहिलं, आणि पाहता पाहता तिचा विळा थांबला.

“असंच करत असतील,” ती म्हणाली. “आई, असंच करत असणार ते. पट्टी कुणाचीही असो. सर चुकीचं मोजत होते, एकेका घराचं वेगळं वेगळं.”

“मग मोज नंतर. आता काप,” मालिनीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुळांचा गहू आडवा झाला होता, पेंढ्या बैलगाडीत चढत होत्या. पश्चिमेला मक्याच्या वर आभाळाची एक निळीकाळी पट्टी उठली होती. वारा पडला होता. बैल कान हलवून अस्वस्थ होत होते.

आणि टेकाडावरून विटलॉक उतरताना दिसला. घोडा नव्हता, झगा नव्हता. जीन्स, पांढरा शर्ट, पायात कातडी बूट. सगळे थबकले. तो सरळ मालिनीबाईंपाशी आला. रिकाम्या झालेल्या पट्ट्या पाहिल्या, मग आपलं शेत पाहिलं. ते उभंच्या उभं होतं, पिवळंधम्मक, वाऱ्याशिवाय अगदी स्थिर.

“माझं राहिलं,” तो म्हणाला.

डेलनं एक पेंढी उचलून गाडीत टाकली.

“मी बोलवायला आलोय,” तो म्हणाला. मग शब्द शोधत, “मी विचारायला आलोय. कापाल का?”

मालिनीबाईंनी कंबर सरळ केली. हाडं कडाकड वाजली. त्यांना सुनेचे शब्द आठवले. “रीतीप्रमाणे वेठीला आलेल्यांना लॉर्ड जेवू घालतो,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून आमच्या पोटात भाकरीचा तुकडा नाही.”

विटलॉक वाड्याकडे चालत नाही, पळत गेला. ग्रेगला घेऊन तो परत आला तेव्हा दोघांच्या हातांत टोपल्या होत्या, पाव, चीज, उकडलेली अंडी, बिअरचे डबे. शनिवारच्या पाहुण्यांसाठी आणलेलं सगळं. त्यानंच प्रत्येकाच्या हातात दिलं. गुरुनाथरावांना बिअर चालत नाही हे कळल्यावर पाणी आणायला परत गेला. बांधावर बसून सगळ्यांनी भराभर खाल्लं आणि हात झटकून लॉर्डच्या शेतात पाती धरल्या.

“मी काय करू?” विटलॉकनं विचारलं.

“माझ्या मागं या. पेंढ्या बांधा.”

तो वाकून बांधू लागला. पहिली पेंढी उचलताच सुटली, दाणे सांडले. मालिनीबाईंनी मागं वळून पाहिलं. “परत.” दुसरी सुटली. “परत. पीळ घट्ट द्या, मग खोचा.” तिसऱ्या वेळी गुरुनाथराव काठी टेकत आले, त्याच्या शेजारी बसले आणि आपल्या हातांनी दाखवलं. विटलॉकची पांढरी बोटं कुसळांनी लाल झाली. त्यानं तक्रार केली नाही. पुढच्या पेंढ्या बऱ्या येऊ लागल्या.

पहिला वारा आला तो मातीचा वास घेऊन. मक्याची सगळी पानं एकदम उलटी झाली. “गाडी! गाडी आणा!” सुशांत ओरडला. लॉर्डच्या शेताचा पलीकडचा कोपरा अजून उभा होता. विटलॉकनं तिकडे पाहिलं, मग मालिनीबाईंकडे पाहिलं, त्यांचा हात विळा धरून धरून मिटलाच होता, उघडत नव्हता.

“ते राहू द्या,” तो म्हणाला. “चला. सगळे आत चला.”

शेवटची गाडी बैल ओढत होते आणि माणसं मागून ढकलत होती. लॉर्ड, कारभारी, कुळं, सगळे चाकाला खांदा लावून. टपोरे थेंब पडू लागले. गाडी कोठारात शिरली, डेलनं आणि सुशांतनं दार ओढलं, आणि त्याच क्षणी वरचं छप्पर असं वाजू लागलं की बोलणं ऐकू येईना.

कादंबरीनं दार फटीइतकं उघडलं. बाहेर पांढऱ्या गारांचा मारा चालला होता. त्या कोपऱ्यातला उभा गहू बघता बघता भुईला चिकटला. पण बाकी सगळीकडे, तिच्या पट्ट्यांवर, डेलच्या, शिक्षिकांच्या, गारा नुसत्या बोडक्या धसकटांवर आपटत होत्या, उडत होत्या, आणि त्यांना तिथं मोडायला काही उरलं नव्हतं.

“पड!” कादंबरी बाहेर बघत ओरडली. “पड, किती पडायचंय ते पड!” शिक्षिका नाचू लागल्या. डेलनं बायकोला उचललं. गुरुनाथरावांची बदकं कोठाराच्या कोपऱ्यात कलकलाट करत होती. सुशांत आईपाशी आला, तिची मिटलेली बोटं एकेक करून सोडवू लागला. प्रत्येक बोट सुटताना ती “आई गं” म्हणत होती आणि हसत होती.

विटलॉक पेंढ्यांच्या ढिगावर बसला होता. ओला, शर्टाला माती, केसांत काड्या. छपरावरचा आवाज थोडा उतरला तेव्हा तो पुढं वाकला.

“मालिनी,” तो म्हणाला, “उद्या काय करायचं?”

मालिनीबाईंनी वरच्या पेंढ्यांवर हात फिरवून पाहिला.

“या शेवटच्या गाडीतल्या भिजल्या आहेत. सोडून, पसरून वाळवाव्या लागतील. ऊन यायच्या आत या. आणि हे बूट घालू नका, ओंब्या चुरडतील.”

“येतो,” विटलॉक म्हणाला.